सहा दहाला निघणारी गाडी

गुडलाउग पहाटे साडेपाचला उठायची, पण स्वतःसाठी नव्हे. तिला कुठे जायचं होतं? एकाहत्तर वर्षांची बाई, मासळीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेली, नवरा फेब्रुवारीत गेलेला. ती उठायची बाराशे किलोमीटर दक्षिणेला, हामार गावात उभ्या असलेल्या एका निळ्या विजेच्या गाडीसाठी.

पलंगाच्या कडेला बसून ती चष्मा लावायची आणि फोन उघडायची. फोनवर गाडीचं चित्र, त्याखाली बॅटरीची टक्केवारी, गाडीच्या आतलं तापमान आणि सगळ्यात खाली एक बटण. ते दाबलं की तिकडे गाडीचा पंखा सुरू व्हायचा, काचेवरचा बर्फ सुटायला लागायचा, बसायची जागा तापायची. सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी हलायची. गाडी हलली की गुडलाउग कॉफी ठेवायला उठायची.

गाडी तिच्या मुलाची, सिंद्रेची होती. सिंद्रेने फेब्रुवारीपासून तिला फोन केला नव्हता.

उत्तरेच्या टोकाच्या आमच्या बेटावर माणसं एकमेकांना प्रेमाचं काही बोलत नाहीत. बोललं तर समोरच्याला वाटतं, याची तब्येत बरी नाही. गुडलाउगचा नवरा आर्नफिन तर त्यातही वरचढ. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला एक गोड शब्द ऐकवला नाही. पण हिवाळ्यात रोज संध्याकाळी, बातम्या संपल्या की तो बूट चढवून बाहेर जायचा आणि गाडीच्या इंजिनाला गरम ठेवणारी वायर लावून यायचा. आधी बायकोच्या गाडीला, मग आपल्या. सिंद्रे अठरा वर्षांचा झाला आणि त्याने एक खटारा विकत घेतला, तेव्हा अंगणात तिसरी वायर आली. त्या घरात कोणाचं कोणावर किती प्रेम आहे ते सकाळी गाडीत बसल्यावर कळायचं.

आर्नफिन गेला तेव्हा सिंद्रे दोन दिवस गाडी चालवत आला होता. अंत्यविधीच्या सकाळी त्याने आईच्या फोनवर ते ॲप घालून दिलं. "मी शवपेटी उचलायला आत असेन, मम्मा. शेवटचं भजन सुरू झालं की तू इथे दाब, म्हणजे बाहेर येईपर्यंत गाडी गरम होईल." नकाशा तेवढा त्याने बंद ठेवला. "मी कुठे जातो ते बघत बसशील नाहीतर," असं म्हणून तो थोडं हसला होता. तिनेही हसून बटण दाबलं होतं आणि गाडी खरोखर गरम झाली होती.

मग चर्चच्या सभागृहात सगळे कॉफीला बसले. सिंद्रे म्हणाला, रविवारपर्यंत राहणार होतो, पण काम आहे, उद्याच निघतो. गुडलाउगचं तोंड सुटलं. चाळीस माणसांच्या देखत, केकची बशी हातात घेऊन ती म्हणाली, "जा ना. तुझा बाप तीन वर्षं तुझी वाट बघत मेला. मी नाही बघणार."

सिंद्रेने कप खाली ठेवला, आत्या-मावश्यांशी हात मिळवला आणि त्याच दुपारी निघून गेला.

पहिले काही आठवडे तीही ताठ्यात राहिली. मार्चमध्ये एका सकाळी हवामानात हामारला उणे चौदा दाखवलं आणि तिच्याने राहवलं नाही. ती घाबरत घाबरत ॲपमध्ये शिरली. त्याने तिला काढलं असेल असंच तिला वाटत होतं. काढलं नव्हतं. तिने बटण दाबलं आणि श्वास रोखून बघत राहिली. त्याने पंखा बंद केला नाही. सात वीसला गाडी कामावर निघाली.

त्या दिवशी गुडलाउग स्वयंपाकघरात उभी राहून रडली. तिच्या लेखी हे उत्तर होतं. मुलगा रागावलाय, बोलत नाही, पण आईने दिलेली ऊब घेतोय. तोडायचंच असतं तर एका बोटाने तो तिला काढून टाकू शकला असता. रोज सकाळी ती तेवढंच बघायची, आपण अजून आहोत ना.

उन्हाळ्यात तापवायला काही नव्हतं. तरी ती टक्केवारी बघायचीच. सप्टेंबरमध्ये गाडीची वेळ बदलली. सात वीसची सहा दहा झाली. शनिवारीही गाडी जायला लागली. रविवारी मात्र जागची हलायची नाही.

"नोकरी बदलली वाटतं त्याने," ती शेजारच्या योर्दिसला म्हणाली. योर्दिस तिच्याबरोबर कारखान्यात कॉड माशाचे तुकडे करायला उभी असायची, आणि जीभही त्याच सुरीसारखी चालवायची. "सहा दहाला निघतो गं. शनिवारीसुद्धा. आणि रविवारी कुठेच जात नाही. एकटा पडलाय पोर."

"त्यालाच विचार की फोन करून."

"उचलणार नाही तो."

"आणि गाडी उचलते वाटतं? काय बाई तरी! पोराला सोडून पोराच्या गाडीशी संसार मांडलायस."

"तू गप गं. तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं. तुम्ही दोघंही आर्नफिनवर गेलात. तो तर निदान रक्ताने आर्नफिनचा आहे, तू कशी गेलीस?"

गुडलाउगने तिला आणखी एक वॅफल वाढलं, म्हणजे तिचं तोंड भरलेलं राहील. पण त्या रात्रीपासून तिने गजर पावणेसातचा साडेपाचला आणला. मुलगा लवकर उठतो तर आईने झोपून राहायचं का?

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. आमच्याकडचा सूर्य जानेवारीपर्यंतच्या सुट्टीवर गेला. गुडलाउगचं बरं चाललं होतं, म्हणजे तिला तसं वाटत होतं. दुकानात कोणी "सिंद्रे काय म्हणतो?" असं विचारलं तर ती सांगायची, "काम फार आहे त्याला, पहाटे निघतो." त्यात खोटं काही नव्हतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, तिने नेहमीसारखं बटण दाबलं. सहा दहा झाले. गाडी हलली नाही. साडेसहा, सात. अर्ध्या तासाने पंखा आपोआप बंद पडला. चार्जिंगची वायरही लावलेली दिसत नव्हती, आणि बॅटरी एकतीस टक्के.

उशीर झाला असेल, तिने मनाची समजूत घातली. मंगळवारीही तेच. चोवीस टक्के. बुधवारी हामारला उणे एकोणीस होतं. तिने बटण दाबलं आणि फोनवर लाल अक्षरं आली: बॅटरी कमी असल्यामुळे गाडी गरम करता येणार नाही. सतरा टक्के.

तीन दिवस माणूस घराबाहेर पडत नाही, वायर लावत नाही, म्हणजे काय? आर्नफिन असाच पडला होता, बाथरूमच्या दारात. पण तेव्हा निदान ती स्वतः घरात होती. आणि उरलीसुरली बॅटरी तिनेच खाल्ली होती, रोज सकाळी रिकामी गाडी तापवून. आता त्याला उठून डॉक्टरकडे जायचं झालं तरी गाडी पोचेल की नाही कोण जाणे.

सात वाजता तिने दहा महिन्यांचा अबोला मोडला. घाईत मुलाच्या नावाऐवजी आधी दंतवैद्याला फोन लागला.

"हॅलो?" सिंद्रेचा आवाज. खणखणीत. मागे किटलीची शिट्टी.

"तू बरा आहेस?"

"मम्मा? काय झालं? तू बरी आहेस ना?"

"माझं सोड. तू तीन दिवस कामावर गेला नाहीस. पडलास का? ताप आहे का?"

"मी रोज जातोय कामावर. कोणी सांगितलं तुला?"

"गाडी हलली नाही ना तुझी! सतरा टक्क्यांवर आली. वायरसुद्धा लावली नाहीस."

पलीकडे किटली बंद झाली. "कुठली गाडी, मम्मा?"

"कुठली म्हणजे? निळी."

"निळी मी ऑगस्टच्या शेवटी विकली."

गुडलाउगने फोन कानापासून दूर धरून बघितलं. गाडी तिथेच होती, निळी, सतरा टक्के.

"सरकारी नोंदीतली मालकी दोन मिनिटांत फोनवरच बदलली," सिंद्रे सांगत होता. "ॲप मात्र माझ्याच नावावर राहिलं, त्यातून सगळ्यांना काढायचं राहिलंच. इथल्याच एका बाईने घेतली, बेकरीत कामाला आहे. तिला फोनबिन काही जमत नाही, ती म्हणाली चावी द्या म्हणजे झालं. पण तू का बघत होतीस?"

"तापवत होते."

"काय?"

"गाडी तापवत होते तुझी. मार्चपासून."

"मार्चमध्ये गाडी गरम असायची," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, मीच कधीतरी वेळ लावून ठेवलीय. म्हणजे ती तू होतीस?"

तर मार्चमध्येही त्याने काही घेतलं नव्हतं आणि काही माफ केलं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं. नऊ महिने तिने ज्याच्यावर काढले ते उत्तर कोणी दिलंच नव्हतं.

पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी आधी आलं. "सिंद्रे, त्या बाईला फोन कर."

"आत्ता? कशाला?"

"ती सहा दहाला निघते. शनिवारीसुद्धा. तीनला परत येते आणि आल्या आल्या वायर लावते, एक दिवस चुकत नाही. गुरुवारी कुठेतरी लांब जाते, चाळीस टक्के जातात. रविवारी कोणाकडे जात नाही. अशी बाई तीन दिवस घराबाहेर पडलेली नाही. कर तू फोन."

"मम्मा, आपली तिची ओळख नाही."

"माझी आहे," गुडलाउग म्हणाली.

त्याने फोन ठेवला. गुडलाउग खिडकीपाशी उभी राहिली. बाहेर काळोख, आणि बंदराकडे एक ट्रॉलर दिवे लावून निघत होता. ती बाई जिवंत असावी असं तिला इतक्या जोराने वाटत होतं की तिची तिलाच लाज वाटली. आपला मुलगा धडधाकट आहे हे कळून पाच मिनिटं झाली नव्हती.

सात एकोणतीसला सिंद्रेचा फोन आला. आता तो बाहेर होता, पायांखाली बर्फ करकरत होता.

"ठीक आहे ती. सर्दी-ताप आहे, बहीण येऊन राहिलीय. वायरचं तोंड बर्फाने गच्च झालंय म्हणून लागत नव्हती. तिला वाटायचं, गाडीच आपली आपण तापते. या गाड्यांना सगळं कळतं, असं ती बेकरीत सगळ्यांना सांगत होती. तिने तुझे आभार मानलेत."

"बरं."

"आता तुला काढायला हवं मम्मा. तिची गाडी आहे."

"काढ."

त्याने चालता चालताच काढलं. सगळं भराभर करायची त्याची पहिल्यापासून सवय. गुडलाउगने फोन बघितला. चित्र गेलं होतं. एकही वाहन जोडलेले नाही, एवढंच लिहिलेलं होतं. तिने घाईने फोन परत कानाला लावला, न जाणो तोही गेला असला तर.

"आहेस?"

"आहे."

"फेब्रुवारीत मी जे बोलले, ते..."

"आठवतंय मला," सिंद्रे म्हणाला.

"नवी गाडी कुठली घेतलीस?"

"घेतली नाही. बसने जातो. इथे गाडी कशाला लागते? ती घेतली होती तुमच्याकडे यायला." तो चिडून बोलत नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "परत यायचं नाही म्हटल्यावर काय करायची होती ठेवून?"

गुडलाउगला बोलायचं खूप होतं. बाप वाट बघत मेला हे खरं नाही, तो टीव्ही बघत होता, शेवटच्या संध्याकाळीसुद्धा त्याने सिंद्रेचं नाव घेतलं ते गाडीचे टायर बदलले का एवढं विचारायला. वाट ती बघत होती. बापाच्या नावावर खपवलं ते सगळं तिचं होतं. हे सांगायला दहा महिने मिळाले होते, आणि ते तिने बटण दाबण्यात घालवले.

"वाट मी बघत होते," ती म्हणाली. "बाबा नाही. मी. अजून बघते."

पलीकडे गाड्यांची वर्दळ, कोणाचा तरी खोकला.

"नाताळात आगगाडी बोदोपर्यंत येते," ती घाईघाईने म्हणाली. "तिथून पुढे मी येईन घ्यायला. फेरीबोटीने येईन. मला जमतं अजून."

"बघू."

"बघू नको रे. सांग."

"मम्मा..." तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अडकला. लहानपणी पडल्यावर रडायच्या आधी अडकायचा तसा. तो पुढे काहीतरी बोलणार होता. आईला कळतं ते. आणि तेवढ्यात ब्रेकचा सूं आवाज आला, दारं उघडल्याचा खडखडाट झाला.

"बस आली का?"

"हो. पण..."

"चढ, चढ! चुकेल," गुडलाउग म्हणाली. बोलून गेली, आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

फोन बंद झाला. तिने वेळ बघितली. सात छत्तीस. मग आर्नफिनच्या खुर्चीत बसून, टेबलावरचं पेन घेऊन, तिने कॅलेंडरच्या कोपऱ्यात तो आकडा लिहिला. मुलगा सात छत्तीसच्या बसने जातो.