दाढ उघडी असताना

आनंदीबाईंची दाढ मी उघडली, रूट कॅनालची सुई आत सोडली आणि ती कुठवर पोचली ते बघायला एक्स-रेच्या पडद्याकडे वळले. पडद्यावर पेंग्विन.

"पुष्कर, हे काय?"

"सरप्राइज!" माझा नवरा म्हणाला. सुट्टीच्या दिवशी त्यानं क्लिनिकच्या कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क काढून नवी घातली होती. विंडोज गेलं, लिनक्स आलं; पेंग्विन हे त्याचंच चिन्ह. मला न विचारता. "आता कधी हँग होणार नाही. रॉक सॉलिड."

झाला नाहीच हँग. फक्त एक्स-रेसाठी तोंडात ठेवायचा सेन्सर तो ओळखत नव्हता.

रजतला बोलावलं. माझा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरच्याच धंद्यात, ऑफिस इथेच पलासियात. आला, जुनी डिस्क हातात घेतली आणि जोडली?

छे. स्टूल ओढून बसला.

"जिजाजी, आधी बोला. बोला की गलती झाली."

"गलती कसली? डिझाइन बघ ना भिया. लिनक्सचा कर्नल..."

[भाषण गाळलं आहे.]

"...आणि तुमचं विंडोज? एक खांब हलला की अख्खं घर खाली!"

"तुमचं घर मजबूत आहे जिजाजी. इतकं, की दरवाजाच नाही ठेवला."

"दरवाजा बनव ना! सोर्स ओपन आहे."

"कोण बनवणार? पेशंट?"

[गाळलं आहे. यात जर्मनीतला एक माणूस होता. लिनक्सला हा सेन्सर ओळखता यावा म्हणून तो ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लिहितो आहे. अजून लिहितोच आहे.]

"रजत, डिस्क जोड."

"जोडतो ना ताई, पाच मिनटाचं काम. यांना एकदा म्हणू तर दे."

"पुष्कर, म्हण."

"अमिता, तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व! आनंदीबाई बेटम्याहून सुजलेला गाल घेऊन आल्या होत्या. आत पू होता. दाढ तशीच बुजवून घरी पाठवता येत नव्हतं. इंजेक्शनचा असर उतरत चालला होता आणि त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. त्यांच्या पायाशी दोन इंजिनिअर स्थिरतेवर बोलत होते.

[इथे विंडोज जिंकलं.]

[इथे लिनक्स.]

[इथे दोघं मिळून मॅकवाल्यांना हसले. सलोखा झालेला बघून मी डिस्क मागितली. "एक मिनट, ताई."]

मी सुई काढली. दाढेत कापूस ठेवला, आनंदीबाईंना दंडाला धरून उठवलं. "चला."

"कुठे निघालीस?" असं कोणीही विचारलं नाही.

समोर डॉक्टर नचिकेतचं क्लिनिक आहे. घरी जेवताना मी त्याला हमाल म्हणते. दात उपटण्यापलीकडे त्याला काही येत नाही, असंही. गाड्यांना हात दाखवत आम्ही रस्ता ओलांडला. आनंदीबाईंचं तोंड अर्धवट उघडं, गळ्यात माझा निळा कागदी रुमाल.

नचिकेतनं कारण विचारलं नाही. खुर्ची दिली, स्वतः बाजूला उभा राहिला. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा सुई. एक्स-रे लगेच आला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं ते मी बघितलं नाही. दाढ मीच साफ केली, मीच औषध भरलं.

आनंदीबाईंनी चूळ भरली. बधिर ओठ सांभाळत बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"डॉक्टरजी, अगली बार मी सीधी इथेच येते. चालेल ना?"

नचिकेतनं माझ्याकडे बघितलं.

मी ग्लोव्हज काढत होते. मान हलवली.

त्यानं त्यांना गुरुवार दिला.