विमानवाले काका

लेकीच्या लग्नासाठी रंगाऱ्याने स्वतःचं घर गुलाबी केलं, आणि उरलेल्या रंगात रस्त्याकडेचं वैमानिकांचं स्मारकही गुलाबी करून टाकलं. त्यांच्या घरची रीतच होती तशी. युद्धात मागच्या शेतात विमान कोसळलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी चार परदेशी वैमानिकांना आगीतून ओढून काढलं होतं. वाचलं मात्र कुणीच नाही. वडिलांनी त्यांना भाऊ मानलं, म्हणून ते रंगाऱ्याचे विमानवाले काका. मग घरात कार्य निघालं की काकांना डावलायचं कसं?

लग्नाच्या आदल्या दिवशी नगरपालिकेचा शिपाई सांगत आला, की त्यांतल्या एकाची बहीण दुपारी येतेय, थेट सातासमुद्रापलीकडून. रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“अहो, त्यांच्याकडे असली स्मारकं पांढरीशुभ्र असतात म्हणे,” बायको म्हणाली. “आणि आपण केलंय आइस्क्रीम! जा, खरवडा आधी.”

करायला गेला एक आणि झालं भलतंच. खरवडायची पट्टी लागली की गुलाबीखालून हिरवा निघे, हिरव्याखालून पिवळा, त्याखालून जांभळा. स्मारकाची पार गोधडी झाली. तेवढ्यात गाडी थांबली. दुपारची माणसं सकाळीच टपकली होती.

काठी टेकत नव्वदीची म्हातारी उतरली, मागोमाग दुभाषी. रंगाऱ्याने पट्टी पाठीमागे लपवली. लपवून लपणार काय, गडी मिशीपर्यंत गुलाबी झाला होता.

“हे काय चाललंय?” दुभाष्याने विचारलं.

थाप मारायचं मनात आलं, पण म्हातारीचे डोळे पाहून जीभ रेटेना. “गुलाबी उद्याचा, लेकीच्या लग्नाचा. हिरवा माझ्या लग्नाचा. पिवळा बहिणीच्या, जांभळा थोरल्या भावाच्या. घरचीच माणसं ना ही, वगळायचं कसं? चुकलं असेल तर सगळं काढून देतो, बाई.”

म्हातारी एकेका रंगावरून बोट फिरवत राहिली. मग काहीतरी बोलली, आणि दुभाष्याने ते मराठीत सांगितलं.

“त्या म्हणतात, इतकी वर्षं मला वाटायचं, माझा भाऊ इथे एकटा पडलाय. हा तर लग्नांतून मिरवतोय!”

ती हसत होती आणि रडतही होती. रंगाऱ्यालाही आवरेना. बायकोने पुढे होऊन त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली.

“काकांची बहीण म्हणजे आमची आत्याच की हो,” ती दुभाष्याला म्हणाली. “सांगा त्यांना, उद्या लग्नाला थांबायचं. नाही म्हणायचं नाही.”

त्याने सांगितलं. म्हातारीने काठी त्याच्याच हातात दिली आणि बाह्या सरसावल्या.

“त्या विचारताहेत,” दुभाषी म्हणाला, “लग्न उद्यावर आलंय आणि घरची माणसं रडत काय बसलीत? ब्रश कुठे आहे?”