पालथे काटे

झालेलं चित्रण तपासताना पडद्यावर मेजवानीचं टेबल दिसलं आणि दिग्दर्शक तांगी किंचाळला, “थांबवा! काटे बघा, काटे!”

सगळ्यांनी पाहिलं. बारा बशांच्या डावीकडे बारा काटे, आणि सगळेच्या सगळे पालथे. दाते खाली, पाठ वर.

“इंग्रजांच्या घरात काटा उताणा असतो! ही इंग्लंडातली हवेली आहे, आपल्या फ्रान्समधली, ब्रेतान्यची खाणावळ नाही. टेबल कोणी मांडलं?”

मागच्या खुर्चीवरून ऑर्तांस उठली. “मी, मस्यु तांगी.”

तिची स्वतःची खाणावळ सव्वीस वर्षं चालून गेल्या हिवाळ्यात बंद पडली होती. साठीला टेकलेल्या बाईला काम देतो कोण? या चित्रपटात सामान मांडायचं काम मिळालं, तेही महिनाभराच्या बोलीवर. महिना शुक्रवारी संपत होता. काम पसंत पडलं तर पुढच्या चित्रपटातही तिला घेणार होते, नाहीतर घरी. लहानपणी आईने हातावर चमचा मारून शिकवलं होतं, काटा पालथा ठेव, म्हणजे पाठीवरची नक्षी पाहुण्याला दिसते. चित्रपट इंग्लंडातला आहे हे ऑर्तांसच्या डोक्याला ठाऊक होतं. हातांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पुन्हा चित्रण होणं शक्य नव्हतं, नायिका पॅरिसला परतली होती. “उद्या बोलू,” तांगी म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हवेलीच्या स्वयंपाकघरात तेच काटे धूत होती. बटलरचं काम करणारा म्हातारा नट आंब्रुआझ फडका घेऊन पुसायला उभा राहिला.

“डोळ्यात साबण गेला का हो?”

“हो.”

“फारच दुःखी साबण दिसतोय.” त्याने एक काटा चमकवला. “तुम्ही उगीच मनाला लावून घेता. तांगीचं खरं दुखणं काटे नाहीत. आपण जिच्यावर चित्रपट करतोय, ती इंग्रजी खुनाची गोष्ट अख्ख्या फ्रान्सने वाचलीय. डॉक्टरने विष घातलं, हे माझ्या नातीलासुद्धा पाठ आहे! विनोदी चित्रपट करायचा तर खुनी नवा हवा. सहा आठवडे शोधतोय बिचारा. परवा शेवटचा प्रसंग, आणि खुन्याचा पत्ता नाही.”

ऑर्तांसचा हात पाण्यातच थांबला. “गोष्टीत टेबल कोण मांडतं?”

“मी. सात पिढ्यांचा अस्सल इंग्रज बटलर.”

“इंग्रज कशावरून?”

“मीच तसं सांगतो म्हणून! आमच्या चित्रपटात सगळे इंग्रज फ्रेंचच बोलतात, मग कळणार कसं...” आंब्रुआझ बोलता बोलता अडखळला. त्याने हातातला काटा पालथा केला. “अहो बाई!”

“तोंड काहीही सांगेल,” ऑर्तांस म्हणाली. “हाताला खोटं बोलता येत नाही.”

“चला, आत्ताच्या आत्ता सांगा त्याला.”

“हसतील सगळे.”

“हसू दे की! त्याचाच तर पगार घेतो आपण.”

अंगणात मंडळी जेवायला बसली होती. तांगीसमोर कुट्टूच्या पिठाचं धिरडं गार होत होतं. ऑर्तांसने एप्रनला हात पुसले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. बटलर इंग्रज नाहीच, तो फ्रान्समधून नाव बदलून आलेला खुनी आहे, आणि पुरावा पहिल्या मेजवानीपासून टेबलावर पडलेला आहे.

विनोदी चित्रपट काढणाऱ्या तांगीला आजवर कोणी हसताना पाहिलं नव्हतं. आधी त्याचे खांदे हलले, मग त्याला ठसका लागला, आणि मग तो टेबलावर हात आपटत हसू लागला.

“बारा काटे! आणि आमचा इन्स्पेक्टर दर वेळी त्यांच्याच शेजारून जातो!”

“चाळीस वर्षं पडद्यावर ताटं वाहिली,” आंब्रुआझ छाती फुगवून म्हणाला, “आज बढती मिळाली. खुनी झालो!”

शेवटच्या प्रसंगात बटलरचे हात जवळून दाखवायचे होते. आंब्रुआझने स्वतःची जाडजूड बोटं सगळ्यांना दाखवली आणि ‘हात तुमचेच हवेत’ म्हणत पांढरे हातमोजे ऑर्तांसच्या हातात ठेवले.

“मादाम,” तांगी म्हणाला, “पुढच्या चित्रपटात लग्नाची मेजवानी आहे, तीनशे पाहुण्यांची. शनिवारी यादी घेऊन बसू. पण आधी हा एक काटा.”

कॅमेरा सुरू झाला. ऑर्तांसने काटा उचलला, आणि तांगीच्या त्या ओरडण्याच्या धास्तीत तो उताणाच टेकला. क्षणभरच. मग बोटांनी तिला न विचारता तो अलगद पालथा केला.

“हेच!” तांगी कुजबुजला. “अगदी हेच.”