कोळशाचा कलप

गिऱ्हाईकाचा कलप आणि गिऱ्हाईकाचं वय दुकानाबाहेर काढायचं नाही, हा उस्तादांचा चाळीस वर्षांचा नियम. माणसांच्या बाबतीत तो शोभून दिसला. कुत्र्याच्या बाबतीत त्यानेच घात केला.

कोळसा हा त्यांच्या सलूनच्या दारात बसणारा काळाभोर कुत्रा. बाराव्या वर्षी त्याचं तोंड पांढरं झालं, मग मान. खुर्चीतलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "उस्ताद, कोळशाची राख झाली की." सगळे हसले, उस्तादही हसले, पण बोलणं मनाला लागलं. ज्याच्या हाताखालून म्हातारे तरणे होऊन बाहेर पडतात, त्याच्याच दारात पिकलेलं कुत्रं बसावं? दर आठवड्याला दुकानाचं शटर अर्धं ओढून ते माणसांचाच कलप कोळशाच्या तोंडाला आणि मानेला लावू लागले. घरात कोणाला सांगितलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे कोणी म्हणत नाही.

चार महिन्यांत कोळसा वाळला. खाल्लेलं उलटून टाकायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच तपासण्या सांगितल्या, त्यात एक केसांची: गेल्या काही महिन्यांत अंगात कुठली खनिजं कमी पडली, कुठली साठली, याचा अंदाज येतो म्हणाल्या. मानेवरचे चमचाभर केस मुळाशी कापून पाठवायचे होते. सून फॉर्म घेऊन आली, पण कात्री घरात दुसरं कोण धरणार? उस्तादांनी मोठ्या ऐटीत केस कापले आणि फॉर्मही भरला. 'केसांना रंग लावला आहे का?' या प्रश्नापाशी ते क्षणभर थांबले. मग हात सवयीने चालला आणि त्यांनी 'नाही' लिहिलं.

अहवालात शिसं भरमसाट निघालं. त्या दुपारी उस्तादांनी चष्मा लावून कलपाची बाटली उलटी धरली. बारीक अक्षरांत शिसं लिहिलेलंच होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी कुत्रा काय खातो, कशात खातो, असं विचारलं आणि सगळा रोख सुनेवर गेला, कारण कोळशाचं जेवण तीच शिजवायची. तिने भांडी बदलली, नळाला फडकं बांधलं, आईने दिलेलं रंगीत झिलईचं मातीचं भांडं, झिलईत शिसं असेल म्हणून, कचऱ्यात टाकलं. परगावी नोकरीला असलेला नवरा फोनवर तिलाच बोलला. उस्ताद शेजारी मूग गिळून बसले होते. उद्या सांगू, परवा सांगू असं करता करता आठ दिवस गेले. तेवढ्या दिवसांत सून कोळशाला स्वतःच्या हाताने भरवायची बंद झाली. वाटी दूर ठेवून ती आत जायची, आणि हे बघून उस्तादांना आरशासमोर उभं राहणं नको व्हायचं. सलूनवाल्याने आरसा टाळायचा तरी कुठे?

नवव्या दिवशी ती चार वर्षांच्या मुलीला घेऊन रक्त तपासायला निघाली. त्याच भांड्यातलं पोरीनेही खाल्लं होतं. उस्ताद सोबत गेले. नात त्यांच्या मांडीवर बसली आणि परिचारिकेने तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला.

"मी काय घातलं हो माझ्या हाताने हिच्या पोटात?" सून म्हणाली.

उस्तादांच्याने आता राहवेना. "तू काही नाही घातलंस," ते म्हणाले. "मी कोळशाला कलप लावायचो. त्यात शिसं आहे. बाई, सोडा पोरीला, सुई नका टोचू."

सून त्यांच्याकडे वळली. "फॉर्मवर 'नाही' कोणी लिहिलं?"

"मीच."

"आणि भांडं मी टाकलं, ते तुम्ही बघत होता."

"होय."

मान वर करण्याची सोय उरली नव्हती. तरी मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटलं, निदान पोरीची सुई तरी वाचवली. परिचारिकेने मात्र पट्टा सोडला नाही. कुत्रा अंग चाटतो का, असं तिने विचारलं. दिवसभर चाटतो, उस्ताद म्हणाले. मग तिने नातीकडे वळून विचारलं, तू त्याच्याशी खेळतेस का?

"मी त्याचा पापा घेते," नात म्हणाली. "रोज. इथे." आणि तिने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"मग तर रक्त घ्यायलाच हवं," परिचारिका म्हणाली. "हात घट्ट धरा कोणीतरी."

सून उठून खिडकीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. "बाबा, तुम्ही धरा," ती म्हणाली. "माझ्याने नाही होणार."

उस्तादांनी दोन्ही हातांनी नातीचं मनगट धरलं. नात सुईकडे बघतच नव्हती, त्यांच्याकडे बघत होती, कारण आजोबांनी धरलं की दुखत नाही असं तिला वाटत होतं.