मांडीवरचं डोकं

इंद्रभानचा हात कापायचा, म्हणून त्याच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब चांगुणाच टाकायची. रोज संध्याकाळी तो बायकोच्या मांडीवर डोकं टेकवायचा. परवा मोताळ्याच्या बाजारात तो चक्कर येऊन पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मंद चाललेली नाडी पाहून औषधांचं विचारलं. "डोयातल्या थेंबाशिवाय काईच नाई," चांगुणा ठामपणे म्हणाली. तेव्हा लेक समता खाली मान घालून बोलली, "माय, बाबाले हार्टच्या गोळ्या चालू हायेत. तू घाबरशील म्हणून आम्ही लपवल्या."

डॉक्टर म्हणाले, हे थेंबही रक्तात उतरून हृदयाचे ठोके मंद करतात. त्यावर या गोळ्या, मग माणूस पडणारच.

चांगुणाला डोळ्यांचे डॉक्टर आठवले. दुसरं औषध घेता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिच्याच शेजारी बसून हा माणूस बेधडक नाही म्हणाला होता. आणि मग तिच्याच हातून रोज आपलं काळीज मंद करून घेत राहिला.

संध्याकाळी इंद्रभान बदललेल्या थेंबांची बाटली घेऊन जवळ आला. चांगुणाने तुरीचं सूप मांडीवर ओढलं आणि खडे निवडू लागली.

"लेकीजवळ जा," ती म्हणाली. "तिले समदं सांगून ठेवलं हाये ना तुमी."