नव्वद जीबी आणि एकची गाडी

मला कोणी "बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?" असं विचारलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. रेकॉर्डिंगवाल्या मिहिरने तेच विचारलं, आणि तेही तोंडाने नाही. माझ्या हातातल्या काळ्या डबीकडे बघून तो नुसता हसला.

ती डबी मी स्वतः जुळवलेली होती. नांदेडमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पंधरा वर्षं तेच करते. एका लॅपटॉपमधली चांगली एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, काढून मी अॅल्युमिनियमच्या केसमध्ये बसवली होती आणि आखूड, जाड केबल लावली होती. दिसायला साबणाच्या डबीएवढी. तीच घेऊन त्या शुक्रवारी मी लातूरच्या ट्यूशन एरियात रेणुकादास सरांच्या क्लासमध्ये येऊन उभी होते.

सर फिजिक्स शिकवत. लातूरला त्यांच्यासमोर तीनशे पोरं बसत, आणि नांदेडच्या शाखेत त्याच लेक्चरचं रेकॉर्डिंग पडद्यावर दाखवत. तिथे माझी धाकटी बहीण तूबा बसायची. भोकर, लोह्याकडून येणारी पोरंही असायची. एका दिवसाची तीन लेक्चर्स म्हणजे नव्वद जीबी. फाइल लहान केली की फळ्यावरचं दिसत नाही, म्हणून सर ती लहान करू देत नसत. एवढा ऐवज २०१७ सालच्या आमच्या इंटरनेटवरून पाठवायचा म्हणजे आठवडा गेला असता, म्हणून तो हार्ड डिस्कमध्ये घालून एसटीने यायचा.

भानगड वेळेची होती. लेक्चर सव्वाबाराला संपायचं, नांदेडची गाडी एकला सुटायची. कॉपी व्हायला पाऊण तास लागायचा, म्हणजे गाडी रोजच हुकायची. पुढच्या गाडीने डिस्क पोचेपर्यंत लोह्याची पोरं घरी गेलेली असत. त्यामुळे नांदेड कायम एक दिवस मागे. आणि शनिवारी सकाळी आठला दोन्हीकडे एकच पेपर! शुक्रवारचं लेक्चर न बघता आमची पोरं शनिवारी परीक्षेला बसत आणि आपटत. मार्क बघून सरांनी निरोप धाडला होता: दिवाळीनंतर नांदेडची शाखा बंद, ज्यांना शिकायचंय त्यांनी लातूरला यावं.

तूबा लातूरला येऊ शकत नव्हती. अम्मीचं दिवसाआड डायलिसिस, मी दुकानात, अब्बांना पायऱ्या चढवत नाहीत. अम्मीला दवाखान्यात तूबाच नेते, तिथल्याच बाकड्यावर बसून गणितं सोडवते. शाखा बंद झाली तर तिचं डॉक्टर होणं तिथेच संपलं असतं. सरांना मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "सर, तुमची डिस्क गोगलगाय आहे. मला एक संधी द्या."

"लावा शर्यत," सर म्हणाले होते.

रेकॉर्डिंगच्या खोलीत लेक्चर संपल्या संपल्या पंधरा-वीस पोरं घुसली. रेकॉर्डिंग सांभाळणारा मिहिर टेबलावर तीन वस्तू मांडून बसला होता. एक, कंपनीची नवीकोरी पोर्टेबल हार्ड डिस्क. दोन, त्याने ऑनलाइन मागवलेली पारदर्शक डबी, आत एसएसडी, कडेला लुकलुकणारा लाल दिवा. तीन, माझी.

"ताई, कंपनीचा माल तो कंपनीचा माल," मिहिर म्हणाला. "लई भारी हाय ही. बघाच."

सहा जीबीचा एक तुकडा तिन्हींत टाकून बघायचा ठरला. सर स्वतः मोबाइलवर सेकंद मोजायला उभे राहिले. पोरांनी चहाच्या पैजा मारल्या. माझ्या बाजूने एकही पोरगं नव्हतं, याची नोंद मी मनात घेतली.

कंपनीची डिस्क: तीन मिनिटं दोन सेकंद. पोरांनी टाळ्या पिटल्या.

पारदर्शक डबी: तीन मिनिटं एक सेकंद. "ओऽऽ" झालं.

मग माझी. मी मनातल्या मनात कुराणातल्या आयता म्हणत होते. तीन मिनिटं तीन सेकंद.

सगळे हसले. मिहिर तर टेबलावर हात आपटून हसला. लाज वाटली, खोटं कशाला सांगू.  बारा पंचवीस झाले होते आणि आता कॉपी सुरू केली तरी गाडी हुकणारच होती. सर मोबाइल खिशात घालत हळूच म्हणाले, "जाऊ द्या बाई. तुम्ही मनापासून केलं."

त्या "जाऊ द्या"ने मी भानावर आले. फिरती तबकडी असलेली डिस्क आणि एसएसडी एकाच वेळात येतात? बैलगाडी, मोटरसायकल आणि जीप एकाच मिनिटाला गावात पोचल्या तर चूक गाड्यांची नाही, फाटकाची आहे. सगळ्या एकामागे एक फाटकात अडकल्या होत्या!

"मिहिर, हे पुढचं पोर्ट काळं आहे," मी ओरडलेच. "हे जुनं, सावकाश चालणारं. वेगवान निळं कुठंय?"

"निळं? पुढं हेच हाय, ताई. पहिल्यापासून इथंच लावून राहिलो."

"मागे असेल. मागे बघ ना!"

मिहिरने सरांकडे पाहिलं. पोरांनीही. तेव्हा मी तो कॉम्प्युटर नीट पाहिला. लोखंडी अँगलचा पिंजरा केलेला, आत सीपीयू, आणि तो पिंजरा चार बोल्टांनी भिंतीत ठोकलेला. पाठ भिंतीला चिकटलेली. खोलीतलं कपाट तसंच. पुस्तकांची मांडणी तशीच. पंख्यालासुद्धा जादा साखळी.

"मागं कोणी हात लावत न्हाई," मिहिर माझ्या कानाशी म्हणाला. "सरांनी बसवलंय ते. चार वर्षं झाली."

मी सरांकडे वळले. मला घाई होती, पण त्यांचा चेहरा बघून आवाज आपोआप खाली आला. "सर, हा पिंजरा उघडावा लागेल. नाहीतर जगातली कुठलीही डिस्क आणा, पाऊण तासच लागेल."

सर भिंतीकडे बघत राहिले. "माझं गाव किल्लारीजवळचं," ते म्हणाले. "त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या घरात भिंतीच्या आधी कपाट पडलं. माझी बहीण त्याला टेकून झोपली होती. नववीत होती. तेव्हापासून मी जड वस्तू मोकळी ठेवत नाही."

  मी जे खरं तेच बोलले. "सर, माझी बहीण बारावीत आहे. तिच्यासाठी आले मी. आज शुक्रवार आहे, उद्या पेपर."

सरांनी टेबलाचा ड्रॉवर ओढला आणि पाना काढला. कोणाला हात लावू दिला नाही. पहिला बोल्ट गंजलेला होता, हलेना. दुसऱ्याला त्यांची बोटं सोलली. बारा अडतीसला पिंजरा सुटला आणि त्यांनी सीपीयू अंगाशी धरून फिरवला. मागे कोळ्याच्या जाळ्यात, चार वर्षांत कोणी न शिवलेली दोन निळी पोर्टं!

"मिहिर, लाव!"

कंपनीची डिस्क: पंचावन्न सेकंद. पोरं ओरडायलाच लागली. पारदर्शक डबी सुरुवातीला सुसाट सुटली, पण केबल सैल, जरा धक्का लागला आणि स्क्रीनवरून गायबच झाली. लाल दिवा मात्र लुकलुकत राहिला.

मग माझी डबी. सरांनी "स्टार्ट" म्हटलं आणि स्क्रीनवरची हिरवी पट्टी अशी धावली की पोरांनी तोंडात बोटं घातली. पंधरा सेकंद! मिहिर खुर्चीवर चढला. "आता नव्वद टाक, नव्वद!" असा गलका झाला. मी त्याला मागे सारून स्वतःच माउस धरला. बारा बेचाळीस.

ती चार मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. वीस जीबी, चाळीस, साठ. पोरं मोठ्याने आकडे म्हणत होती. सर मात्र दोन्ही हातांनी सीपीयू धरून उभे होते, कोणी ढकलेल की काय अशा भीतीने. पट्टी भरेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

मिहिर मला मोटरसायकलवर घेऊन स्टँडला पोचला तेव्हा कंडक्टर बेल मारत होता. "धावा ताई!" मी या वयात धावले. गाडी सापडली, सीट नाही सापडली. अहमदपूर येईपर्यंत उभीच होते, डबी मुठीत, आणि एकटीच हसत होते.

साडेचारला नांदेडच्या पडद्यावर त्याच दिवशी सकाळचे सर दिसले. पोरांना आधी पटेना. सरांनी फळ्यावर आजची तारीख लिहिली तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. मी मागच्या भिंतीला टेकून बघत होते. तिसरं लेक्चर संपलं आणि तूबा उठून माझ्याकडे आली.

"आपा, सरांना फोन लाव."

"आत्ता? कशाला गं?"

"लाव ना."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. तूबा फोनवर वाकली. "सर, मी नांदेडहून तूबा. शेवटच्या गणितात तुम्ही घर्षणाची दिशा उलटी घेतली. मग उत्तर दुप्पट येतंय."

 पलीकडून कागदाची फडफड, पेनाची खरखर. मी डोळे मिटले. नांदेडचं लेक्चर नेहमी शिळं असायचं, चूक असली तर लातूरच्या पोरांनी आधीच काढलेली. आमच्याकडून सरांना कधी प्रश्न गेलाच नव्हता. तीनशे पोरांसमोर शिकवणाऱ्या माणसाची चूक माझ्या बहिणीने काढली आणि तो चिडला तर?

"मिहिर!" सर फोनवरच ओरडले. "हॉस्टेलवर जा पळत! सगळ्या पोरांना वापस बोलव हॉलमध्ये. उद्या पेपर हाय, चुकीचं गणित शिकून बसलेत सगळे!"

"काय सांगू सर?" लांबून मिहिरचा आवाज.

"सांग, नांदेडच्या पोरीने चूक काढली!" मग आवाज जवळ आला. "तूबा, बेटा, पूर्ण गणित बोल. सुरुवातीपासून. मी फळ्यावर लिहून घेतो. आणि सोमवारीही असाच फोन कर. शाखा चालू राहील."

तूबा बोलू लागली. अख्खा हॉल वही उघडून तिच्याकडे वळला होता. मी फोन दोन्ही हातांनी धरून तिच्यासमोर उभी राहिले.