ट्रकमधला माणूस

संपाला चार वर्षं होऊन गेली होती. तो मिटला असं कोणी जाहीर केलं नव्हतं आणि चालू आहे असंही आता कोणी म्हणत नव्हतं. लहू परबला गिरणीनं परत घेतलं नाही. परळच्या त्या गिरणीत साचे खात्यात, मागावर, त्याची सतरा वर्षं गेली होती. शेवटी तो बायकोला, गुणवंतीला, घेऊन कणकवलीकडे गावी गेला. तिथं चुलतभावाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून राहिला, गाडी शिकला, लायसन काढलं. दीड वर्षानं दोघं नायगावला बीडीडी चाळीतल्या आपल्या खोलीत परत आली आणि लहू कॉटन ग्रीनच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी नवा धंदा शिकलेला माणूस जसा जपून काम करतो तसा तो गाडी चालवायचा. शेठच्या बाकीच्या ड्रायव्हरांनी त्याचं नाव ‘बैलगाडी’ ठेवलं होतं.

त्या टीव्हीवाल्यांना मात्र असाच जपून चालवणारा माणूस हवा होता. श्रीरंग वैद्य नावाचा दादरचा एक तरुण दिग्दर्शक शेठच्या गोडावनात आला. त्याला सहा भागांची मालिका करायची होती, आणि त्यासाठी एक जुना ट्रक आणि ड्रायव्हर पाहिजे होता. शेठनं लहूला पुढं केलं.

“गोष्ट अशी आहे, लहूभाऊ,” वैद्य म्हणाला. “मुंबई-गोवा रस्त्यावर एक ट्रक फिरतोय. एकटी गाडी दिसली की तिच्या मागं लागतो, छळतो आणि शेवटी दरीत ढकलतो. ट्रकमधल्या माणसाचं तोंड दिसत नाही. हात दिसतात, कोपर दिसतं. ते तुमचं.”

“आणि तो मारतो कशाला, साहेब?”

“ते सांगायचंच नाही. कारण कळलं की भीती जाते.”

लहूला ते पटलं नाही. पण गोष्ट त्याची नव्हती.

घाटातलं शूटिंग आधी झालं. तिथं ट्रक नुसता वळणावरून येताना दाखवायचा होता. जवळून पाठलाग मात्र शिवडीच्या बाजूला, बंदराच्या गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर घ्यायचा ठरला. रविवारी तिथं चिटपाखरू नसे. पुढच्या फियाटमध्ये मोरेश्वर नाबर बसणार होते. लहूनं त्यांना लगेच ओळखलं. एके काळी गिरणगावातल्या नाटकांत नाबरांचं काम असलं की तिसऱ्या पाळीचे लोक झोप मोडून यायचे. आता साठी उलटली होती, केस पांढरे झाले होते आणि गाडी ते स्वतःच चालवणार होते.

ठरलं होतं ते असं. फियाट चाळीसच्या वेगानं जाईल. ट्रक मागून येईल, दोन हात अंतर राहीपर्यंत येईल. कडेला उभा असलेला माणूस लाल फडकं खाली टाकेल, त्या क्षणी लहूनं ब्रेक दाबायचा. तीन वेळा तालीम झाली. तिन्ही वेळा सगळं नीट झालं.

चौथ्यांदा कॅमेरा चालू झाला. सकाळचं ऊन फियाटच्या मागच्या काचेवर पडलं होतं आणि काचेतून नाबरांचं पांढरं डोकं दिसत होतं. लहूला एकदम दुसरं डोकं आठवलं. गिरणीतल्या लेबर ऑफिसरचं. संप ढासळल्यावर लहू अर्ज घेऊन सकाळपासून गेटवर उभा होता. ऑफिसरची फियाट आली. लहूनं वाकून काचेतून अर्ज पुढं केला. ऑफिसरनं समोर बघत काच वर केली. कागद काचेत अडकला, फाटला, आणि अर्धा कागद गाडीबरोबर आत गेला. शिवी नाही, धक्का नाही. फक्त काच वर गेली.

लाल फडकं खाली पडलेलं लहूला दिसलं. दिसलं, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावासा वाटला नाही. पुढचा माणूस मान आक्रसून आरशात बघतोय, गाडी डावीकडे उजवीकडे डगमगतेय, आणि एवढं सगळं आपल्या एका पायावर आहे, हे त्याला गोड वाटलं. फार तर दोन श्वास गेले असतील. मग त्यानं ब्रेक कचकन दाबला. तरी ट्रकचा बंपर फियाटला लागलाच. फियाट फुटपाथवर चढून थांबली.

सगळे धावले. नाबरांची छाती स्टिअरिंगवर आपटली होती. मोडलं काही नव्हतं, पण ते दार उघडून बराच वेळ तसेच बसून राहिले. वैद्य आधी त्यांच्याकडे धावला, मग कॅमेऱ्याकडे. “मिळालं! काय चेहरा मिळालाय!” असं तो कोणालातरी म्हणाला.

लहू चहाचा ग्लास घेऊन नाबरांकडे गेला.

“माफ करा. चूक झाली.”

नाबरांनी चहा घेतला. “चूक नव्हे,” ते म्हणाले. “मी आरशात बघत होतो. तुम्ही फडकं बघितलंत.”

लहूला खोटं बोलता आलं नाही. त्यानं अर्जाची, काचेची गोष्ट सांगितली. नाबर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं, मी काय केलं या माणसाचं?” एवढंच बोलून त्यांनी ग्लास परत दिला.

त्या दिवशी लहू घरी जेवला नाही. गुणवंतीनं दोनदा विचारलं, “काय झाला?” तेव्हा त्यानं तिलाही सांगितलं.

“माणूस वाचलो मा?” ती म्हणाली.

“वाचला.”

“मग आता त्या साहेबाक सांगा, तो तुकडो घालू नको म्हणान. ता काय नाटक नाय.”

दुसऱ्या दिवशी लहू वैद्यच्या दादरच्या ऑफिसात गेला. तो शॉट काढून टाका, तो अभिनय नव्हता, असं त्यानं सांगितलं. का काढायचा हेही सांगितलं, कारण नुसतं काढा म्हटलं तर साहेब विचारणारच. वैद्य आधी खुर्चीत रेलून बसला होता. ऐकता ऐकता पुढं सरकला. त्यानं पेन उचललं.

“सतरा वर्षं म्हणालात? आणि अर्ज काचेत अडकला?”

लहू परतला तेव्हा आपण काम करून आलो की बिघडवून आलो, हे त्याला नीट समजेना.

मालिका सुरू झाली. चाळीत त्यांच्या मजल्यावर टीव्ही फक्त राधाबाईंकडे होता. त्यांचा मुलगा पोलिसात होता. तिन्हीसांजेनंतर त्यांच्या खोलीत आणि बाहेर गॅलरीत माणसं दाटीवाटीनं बसायची. तिसऱ्या भागात तो शॉट आला. काढला नव्हताच. नाबरांचा चेहरा पडद्यावर मोठा झाला आणि खोलीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मग सगळे लहूकडे बघून हसायला लागले. पोरं तर दुसऱ्या दिवसापासून जिन्यात त्याला बघून ‘ट्रक आला, पळा!’ म्हणून ओरडू लागली. लहूही हसायचा. गुणवंती हसली नाही. तिला त्या पडद्यावर नवऱ्याचं कोपर दिसलं होतं आणि त्या कोपरात काय होतं ते ठाऊक होतं.

पाचवा भाग लागायच्या आधी वैद्य स्वतः चाळीत आला. हातात कागद होते. गुणवंतीनं चहा टाकला. शेजारी दारात जमले.

“शेवट बदललाय,” तो उत्साहानं म्हणाला. “तुमच्यामुळे, लहूभाऊ. आता खुनी कोण ते कळतं. तो गिरणी कामगार आहे. संपात सगळं गेलं, डोकं फिरलं, आता रस्त्यावर दिसेल त्या गाडीवाल्याला मारतो. अहो, संपाबद्दल टीव्हीवर कोणी एक शब्द बोलत नाही. आपण बोलू. आणि तो चेहरा तुमचाच पाहिजे. नटाला जमणार नाही ते.”

लहू कागदाकडे बघत राहिला. गुणवंतीनं कप खाली ठेवला.

“मारता कोणाक?” तिनं विचारलं, आणि साहेबाला कळावं म्हणून पुन्हा नीट म्हणाली, “मारतो कोणाला म्हटलं तुमी?”

“कोणालाही. म्हणजे, त्याच्या मनात सगळेच गाडीवाले…”

“अडीच लाख माणसं घरी बसली, साहेब. कोणी भाजी विकली, कोणी गावाक गेली. कोणी कोणाला गाडीखाली घातलं? आमच्यातली जी मेली ती आपापल्या खोलीत मेली. माझ्या सख्ख्या दिरानं ह्याच चाळीत, खालच्या मजल्यावर, दोरी लावून घेतली. दुसऱ्याच्या अंगाला हात नाही लावला.”

वैद्यनं हातातले कागद चाळले. मग हळूच म्हणाला, “पण वहिनी, लहूभाऊंनी स्वतःच मला सांगितलं, त्यांना त्या वेळी काय वाटलं ते.”

“सांगितलं,” लहू म्हणाला. “खोटं नाही ते. आलं मनात. पण मी ब्रेक दाबला, साहेब. उशिरा दाबला, पण दाबला. तुमच्या कागदातला माणूस दाबत नाही. तुम्ही माझ्याकडून अर्धंच घेतलंत.”

“लोकांना सहानुभूती वाटेल.”

“माझ्या तोंडाकडे बघून लोकांनी गाडीच्या काचा वर केल्या तर? तशाही त्या वर करतातच.”

वैद्यनं कागद गोळा केले. तो वाईट माणूस नव्हता. जिन्यात उतरताना थांबला, परत वर बघितलं आणि उतरून गेला. शेवटी त्यानं शेठला फोन केला. शेठ लहूला म्हणाला, ट्रक शूटिंगला जाईल, चालवायचा तर तू चालव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. लहूनं किल्ली टेबलावर ठेवली.

दोन दिवसांनी तो गिरगावात नाबरांकडे गेला. त्यांनी तरी नाही म्हणावं, असं त्याच्या मनात होतं. नाबर खोलीत अजूनही छातीला शेक घेत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण मी नाही म्हणणार नाही, परब. वर्षभरात हे एकच काम आलंय. ज्यांच्यासाठी नाटकं करायचो, ते प्रेक्षक आता तिकीट काढत नाहीत. कुठून काढतील?”

लहूला राग आला नाही. नाबरांनी त्याला जेवायला थांबवलं आणि दोघं बराच वेळ जुन्या प्रयोगांबद्दल बोलत बसले.

सहावा भाग लागला त्या संध्याकाळी गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रकचं दार उघडलं. एक अनोळखी नट खाली उतरला. दाढी वाढलेली, खाकी शर्ट. नाबर गाडीला टेकून उभे होते. नट ओरडला, “माझी गिरणी बंद पडली! आता तुमचा रस्ता बंद!” मग तो पुन्हा ट्रकमध्ये चढला, ट्रक दरीत गेला, आणि संपलं.

राधाबाईंच्या खोलीत कोपऱ्यातून कुशाबा, गिरणीतल्या रिंग खात्यातला म्हातारा, म्हणाला, “निदान नाव तरी घेतलं. गिरणी म्हणाला. एवढ्या वर्षांत टीव्हीवर पहिल्यांदा ऐकलं मी.” एकानं टाळी वाजवली. दुसरा भडकला, “वेडा दाखवला आपल्याला, आणि टाळ्या काय वाजवताय?” दोघांची जुंपली. लहू मधे पडला नाही. त्याला दोन्ही बाजू कळत होत्या, आणि कुशाबाचा चेहरा बघून तर त्याला कळेना की आपण नाही म्हटलं ते कोणासाठी म्हटलं. गुणवंती उठली आणि म्हणाली, “चला, भात निवता.”

पुढचे दोन महिने वाईट गेले. ड्रायव्हरची जागा मागायला गेला की आधी काय करायचात, असं विचारायचे. गिरणीत म्हटलं की एखादा कारकून हसून म्हणायचा, “बापरे! अंगावर नाही ना घालणार?” गंमतच करायचे ते. पण एकदा एका ऑफिसात गंमत करून झाल्यावर कारकुनानं खरंच अर्ज बाजूला ठेवला. लहू तिथून चालत घरी आला. बसनं आला नाही. आल्यावर गुणवंतीला म्हणाला, “तोंड दाखवलं नाही, तरी तोच झालो.”

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “मी ओळखतंय तुमका. तेवढा पुरे नाय?”

“पुरत नाही,” तो म्हणाला.

ती क्षणभर थांबली. “नाय पुरत,” तीही म्हणाली, आणि पुन्हा थापायला लागली.

शेवटी काम मिळालं ते शीव कोळीवाड्याच्या शेवंताबाईकडे. ससून डॉकवरून मासळी आणायला चौघी कोळणींनी मिळून टेंपो घेतला होता आणि त्यांचा ड्रायव्हर पळून गेला होता. शेवंताबाईनं त्याला नखशिखांत बघितलं.

“दारू पितंस?”

“नाही.”

“चारला उठशील?”

“उठेन. बाई, मी आधी गिरणीत होतो. आणि तो टीव्हीवरचा ट्रक…”

“कंचा ट्रक?” ती म्हणाली. “टीवी बगायला येल कोनाला हाय? पापलेट उन्हात सडतान.”

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता चौघी टोपल्यांसकट मागं चढल्या. शेवंताबाई पुढं त्याच्या शेजारी बसली. लहूनं गाडी सावकाश काढली. भायखळ्यापर्यंत तिनं तो वेग सहन केला. मग म्हणाली, “अरं, ह्यो टेंपो हाय का पालखी? हान की जरा!”

मागच्या बायका खदाखदा हसल्या. लहूलाही हसू आलं. रस्ता मोकळा होता. त्यानं गिअर बदलला आणि वेग थोडा वाढवला.